शोभेचे पाच घोडे

ठिणगी मिस्त्रीला राग यायला फारसं कारण लागत नसे, पण त्या दिवशीचं कारण कुणालाही पुरलं असतं. ठेकेदाराने त्याच्या हातात घण दिला आणि एक यादी. मुलींच्या शाळेच्या जुन्या इमारतीतलं सोमवारी काय काय काढायचं, त्याची. पाचव्या ओळीत लिहिलं होतं: 'सज्ज्याखालचे दगडी घोडे, नग पाच, शोभेचे. कडा ढासळत आहेत. काढून टाकावेत.'

"शोभेचे?" मिस्त्री कडाडला. "कुठल्या गाढवाने लिहिलंय हे?"

भिंतीतून पुढे येऊन वरचा सज्जा खांद्यावर घेणाऱ्या दगडाला गवंडी घोडा म्हणतात. घोडे गेले की सज्जा गेलाच. त्या सज्ज्यात शाळेची घंटा टांगलेली, आणि गेली एकतीस वर्षं ती वाजवायला रोज सकाळी तिथे उभी राहते मिस्त्रीची बायको. आता सांगा, माणसाचं डोकं फिरणार नाही तर काय होणार!

यादी जिथे झाली होती, त्या जुन्या इमारतींच्या कचेरीत तो तडक गेला. साहेब तरुण होता, बोलायला गोड. त्याने पुस्तिका उघडली. एका चित्रात साधा घोडा, खाली 'भार पेलणारा'. शेजारी फूल कोरलेला, खाली 'शोभेचा'.

"शाळेच्या घोड्यांवर फुलं आहेत, काका."

"माझ्या बायकोने केसात फूल खोचलं, तर ती काय शोभेची झाली? मग घर कोण चालवतं?"

"पुस्तिकेत असेल तेच आम्ही लिहितो. हरकत असेल तर अर्ज करा, महिन्याभरात उत्तर येईल. तसा काम सुरू व्हायच्या आधी मी एक फेरी मारतोच. पण जे दिसेल तेच लिहिणार."

मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येईपर्यंत तो साहेबाला शिव्या घालत होता. दारात चपला काढताना मात्र गप्प झाला. फुलं कोरली होती कुणी? त्यानेच तर!

तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. जुने घोडे तडकले म्हणून नवे पाच त्याने घडवले. मोठा मिस्त्री म्हणाला होता, साधे ठेव. याने जेवणाच्या सुट्टीत प्रत्येकाच्या दर्शनी बाजूला एकेक फूल काढलं आणि बायकोला सांगितलं, "तू घंटा वाजवशील तेव्हा पायाखाली माझी फुलं असतील."

"वर उभं राहणारीला खालचं कसं दिसणार हो?" म्हणून ती आठवडाभर हसत होती. पण रोज संध्याकाळी घरी निघताना अंगणात थांबून एकदा वर बघायची.

रविवारी त्याने शाळेच्या भिंतीला शिडी लावली. बायकोने ती खालून धरली.

"अहो, अर्ज करून बघा ना."

"अर्ज वर पोचेपर्यंत तू खाली पोचशील!"

त्याने छिन्नी लावली. एकेक फूल तासून सपाट करत गेला. प्रत्येक घावाला साहेबाचा उद्धार, पुस्तिकेचा उद्धार, आणि मधूनच स्वतःच्या हौसेचाही. चार झाली. दगडाची भुकटी बायकोच्या केसांत पडत होती, तरी ती हलली नाही.

"शेवटचं तेवढं राहू द्या," ती म्हणाली.

"एक दिसलं तरी पाचही शोभेचे लिहील तो मेला!"

त्याने तेही काढलं.

सोमवारी साहेब आला. मान वर करून बघितलं, पुस्तिका बघितली, पुन्हा वर बघितलं.

"फुलं कुठे गेली?"

"ढासळली," मिस्त्री दात-ओठ खात म्हणाला. "तुम्हीच लिहिलं होतं ना, ढासळताहेत म्हणून?"

साहेबाने पाचवी ओळ खोडली आणि 'भार पेलणारे' असं लिहिलं. वर घंटा झाली. मुली रांगेने सज्ज्याखालून आत गेल्या. मिस्त्रीने घण उचलला आणि यादीतल्या दुसऱ्या कामाला लागला.

संध्याकाळी दोघं घरी निघाली. अंगणात सवयीने तिची मान वर गेली.

"बघू नकोस," तो खेकसला.

ती बघत राहिली.