उभ्याचा जुना स्क्रू

बॉलस्क्रू हा शब्द मी शिक्रापूरच्या कंपनीत शिकलो आणि त्याबरोबर अंगात माजही शिरला. सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरनं चालणाऱ्या मशीनवर, बटणं दाबणारा मी, स्वतःला इंजिनिअर समजायला लागलो होतो. तळेगाव ढमढेऱ्यात ज्या चाचांच्या शेडमध्ये कानस धरायला शिकलो, त्यांच्याच जुन्या मिलिंग मशीनची सीएनसी करायची टूम मीच काढली. जमलं असतं तर माझी कंपनीची शिफ्ट सुटली असती आणि साठीच्या चाचांचं दिवसभर हँडल फिरवणं.

एसटीत वाचून वाचून मी कॅटलॉगची पानं मऊ केली. सर्वो मोटर परवडत नव्हती, म्हणून तिन्ही दिशांना स्वस्तातल्या स्टेपर मोटर घेतल्या. कटर धरणारं मशीनचं जड डोकं वर-खाली करणारी मोटर ब्रेकसकट मिळत होती. ती महाग म्हणून सोडली. स्क्रूत मात्र मला तडजोड नको होती. तिन्हीकडं बॉलस्क्रूच हवा, आत छर्रे असलेला.

चाचांनी तो हातात उभा धरला. नट आपोआप गरगरत खाली आला.

"ह्यो आडव्याला बसव. उभ्याला माझा जुनाच ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "त्यो फिरवल्याबिगर हालत न्हाई. ह्यो लई गुळगुळीत हाय. एवढं जड डोकं कोन धरनार?"

"मोटर धरते, चाचा."

"आन् लाईट गेल्यावर?"

मी भिंतीवर चिकटवलेल्या लोडशेडिंगच्या वेळापत्रकाकडं बोट दाखवलं. "अकराला जाते. त्याआधी डोकं लाकडावर टेकवून ठेवू." वर हसत म्हणालो, "तुमचा जमाना हँडलचा, चाचा. यातलं तुम्हाला नाही कळायचं."

शेड त्यांची, मशीन त्यांचं, आणि मी त्यांना गप्प केलं. आजही ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

दोन आठवडे मशीन झकास चाललं. मग एका सकाळी चाचा कटरची उंची लावत होते. त्यांची रीत जुनी होती. थांबलेल्या कटरखाली पातळ कागद बोटानं सरकवायचा आणि कटर हळूहळू खाली आणायचा. कागद अडला की उंची बरोबर. कटर अजून बोटभर वर होता. दहाच वाजले होते. लाईट गेली.

आवाजसुद्धा फार झाला नाही. चाचांच्या उजव्या तर्जनीचं शेवटचं पेर गेलं. त्याच बोटानं ते बुशच्या भोकातला केसाएवढा फरक ओळखायचे. शिरूरच्या डॉक्टरांनी टाके घातले. वेळापत्रक बदललं होतं म्हणे. मी वीजवाल्यांना मनसोक्त शिव्या घातल्या, पण ब्रेकवाली मोटर मीच नाकारली होती.

जुना स्क्रू शोधायला गेलो, तर चाचांनी तो तेल लावून पोत्यात नीट गुंडाळून ठेवलेला सापडला. तो परत लागणार हे त्यांना ठाऊक होतं. मी तो उभ्याला बसवला.

महिन्याभरानं चाचा शेडमध्ये आले. स्क्रूकडं पाहिलं, मशीन चालू करायला लावलं आणि कागदाचा तुकडा माझ्या हातात दिला. "आता तू धर."

मी कटरखाली बोट घातलं. चाचांनी डाव्या हातानं मेन स्विच खाली ओढला.

डोकं जागचं तसूभरही हललं नाही. पण माझं बोट कधीच बाहेर आलं होतं. कागद तेवढा खाली पडला होता.

चाचांनी कागदाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"आजून बी इस्वास न्हाई व्हय?"