मलरअक्कांचा पहिला प्रश्न

मलरअक्का थिएटरात कधी स्वस्थ बसल्याच नाहीत. तमिळ डिटेक्टिव्ह पिक्चर लागला की शारजातल्या रविवारच्या दुपारच्या शोला त्या हजर. पडद्यावर प्रेत सापडलं की खुर्चीच्या कडेवर सरकायच्या, चपला काढायच्या, पुन्हा घालायच्या. खुनी कोण असेल, याचा मी अंदाज बांधत बसायचे. त्या माझ्या कानाशी येऊन म्हणायच्या, "खून कोणी केला ते शेवटी कळतेच. पहिला संशय कोणावर आला ते बघ. पिक्चर बनवणाऱ्याचा मन तिथे कळते."

अक्का मूळच्या तिरुनेलवेलीच्या. नवऱ्याच्या नोकरीपायी बारा वर्षं चिंचवडला काढलेली, त्यामुळे मराठी बोलायच्या. शब्दांच्या लिंगाची फिकीर न करता, पण बेधडक. औद्योगिक भागातल्या आमच्या कंपनीत हॉटेलांसाठी स्टीलची किचन्स बनतात. त्या एचआर सांभाळायच्या, मी क्वालिटी.

एकदा आम्ही असाच एक पिक्चर पाहिला. गावात एका मुलीचा खून होतो. इन्स्पेक्टर सरळ कालव्यापलीकडच्या वस्तीत जातो आणि एका मजुराला फरपटत आणून बडवतो. थिएटरात शिट्ट्या. पुढे कळतं, खुनी गावातला प्रतिष्ठित डॉक्टर. इन्स्पेक्टर त्याला कोर्टात नेत नाही, शेतातच गोळी घालतो. पुन्हा शिट्ट्या. टाळ्या तर मीही वाजवल्या.

शारजातल्याच रोल्ला भागात त्यांच्या घरी सोडताना गाडीत अक्का सीटबेल्टशी चाळा करत होत्या.

"अक्का, खरा गुन्हेगार सापडला ना शेवटी?"

"तो मार खाल्ला तो माणूस? इंटरव्हलनंतर एकदा तरी दिसला?"

मला आठवेना.

"आणि गोळी घातली, तू टाळी वाजवली. डॉक्टर वाईट होता म्हणून. पण इन्स्पेक्टरचा पहिला अंदाज चुकलेला होता ना? तेव्हाच गोळी घातली असती तर?"

मी हसून म्हटलं, "अहो, पिक्चर आहे तो." त्या हसल्या नाहीत.

त्यानंतर महिन्याभरात माझ्या केबिनमधलं पत्र्याची जाडी मोजायचं यंत्र गायब झालं. महागडं, वर्षभर भांडून मागवलेलं. मॅनेजर तडक आला. "कोण येतं इथे?" माझ्या तोंडून पटकन गेलं, "करीम येतो झाडायला." करीम आमचा सफाई कामगार, बांगलादेशी, पन्नाशीचा. अर्ध्या तासात वॉचमनने कारखान्याच्या मधोमध, सगळ्यांसमोर त्याची पिशवी उलटी केली. आत डबा, लुंगी आणि औषधाची पट्टी. तरी मॅनेजर म्हणाला, "खलास. राजीनाम्यावर सही घ्या, परतीचं तिकीट काढा."

तो कागद अक्कांनी तयार करायचा होता. तो करायचा सोडून त्या माझ्या केबिनमध्ये आल्या. बसल्या नाहीत.

"तू बघितला त्याला घेताना?"

"नाही."

"मग बोल्ली कशाला?"

"तो रोज येतो इथे, अक्का."

"मी पण रोज येते. माझा नाव घेतला नाहीस."

त्या गेटवर गेल्या आणि आदल्या दिवशी साईटवर कोण कोण गेलं त्याची चौकशी करत फिरल्या. तासाभरात शोध लागला. आमचा सेल्स इंजिनिअर, माझ्यासारखाच पुण्याचा, मोहम्मद बिन झायद सिटीतल्या गिऱ्हाइकाला दाखवायला ते यंत्र घेऊन गेला होता. गाडीच्या डिकीत विसरला होता. "अरेच्चा, सॉरी हां," एवढं म्हणून त्याने ते माझ्या टेबलावर ठेवलं. त्याची पिशवी कोणी उलटी केली नाही.

अक्का मॅनेजरकडे गेल्या. करीमला लेखी माफीपत्र हवं, म्हणाल्या. "त्याची नोकरी वाचली ना? आणखी काय पाहिजे?" मॅनेजर म्हणाला. अक्का रोज विचारत राहिल्या. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता पॅसेजमध्ये येरझारा घालायच्या. दोन महिन्यांनी त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि कंपनीने ते वाढवलं नाही. कारण कोणी सांगितलं नाही. मी मॅनेजरला विचारलंही नाही. माझा व्हिसा कंपनीच्या हातात होता, मुलीची शाळा होती.

अक्का गावी गेल्या. त्या गेल्यावर माझं मन कशातच लागेना. करीम झाडायला आला की मी उगाच उठून बाहेर जायचे. शेवटी एक दिवस त्याला आवारात गाठलं.

"करीमभाई, मुझसे गलती हुई. माफ कर दीजिए."

तो झाडूवर हात टेकून उभा राहिला. "मॅडम, बैग तो सबके सामने खोला था."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या हजेरीला साठ-सत्तर माणसांपुढे मी उभी राहिले. चोरी झालीच नव्हती, करीमचं नाव मी न पाहता घेतलं, चूक माझी, असं हिंदीत सांगितलं. मॅनेजर घड्याळाकडे बघत होता. "यल्ला, काम चालू करो," एवढंच म्हणाला.

दुपारी अक्कांना फोन केला. सगळं सांगितलं.

"करीम काय बोल्ला?"

"काहीच नाही. ऐकून घेतलं आणि कामाला गेला."

"मग? थँक्यू बोलेल असा वाटला तुला?"

मला खरंच तसं वाटलं होतं. ते त्यांना सांगायला जीभ रेटली नाही.