दादाची टिकटिक

नखांचं आणि किश्श्यांचं एक सारखंच आहे. वाढताना कुणाला दिसत नाहीत. चार दिवस लक्ष दिलं नाही की मग आपणच दचकतो, अरे, एवढी कधी झाली!

आमच्या घरात सध्या तेच चाललंय. माणसं भेटायला येतात. पुढच्या सोप्यात बसतात, टोपी काढून गुडघ्यावर ठेवतात, "लय वंगाळ झालं" म्हणतात. आणि मग कुणीतरी घसा खाकरून म्हणतोच, "गणपा, तुज्या दादाच्या नखांचा एक किस्सा हाय बग..." झालं! एकाने काढला की दुसऱ्याला आठवतो. आत आई असते म्हणून कुणी मोठ्याने हसत नाही, एवढंच.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, दत्तू. पलटणीत होता. साताऱ्याहून गेला तो ब्रह्मदेशाच्या लढाईवर. तो परत आला नाही, तार आली. त्याचं प्रेतही आलं नाही. दीड महिना आई मानायलाच तयार नव्हती. "कागदानं माणूस मरतंय व्हय?" म्हणायची.

मी चौथीतून शाळा सोडलेला. तरी हे लिहून ठेवतोय, कारण परवा दादाचा आवाज आठवायला गेलो आणि पटकन आठवला नाही. तेव्हा फार भ्यालो. शेवटचा किस्सा माझा स्वतःचा आहे. त्यात एक काडेपेटी आहे. दादाने ती मला पुरून यायला सांगितली होती, आणि मी पुरली नाही. तो सांगायचं धाडस येईपर्यंत बाकीचे ऐका.

*

दादा पहिल्या लीव्हवर आला तेव्हा त्याच्या ट्रंकेतून आईला चादर निघाली, मला बूट निघाले, आणि त्याच्या स्वतःसाठी बोटाएवढं एक चकचकीत यंत्र निघालं. नखं कापायचं!

आमच्याकडे नखं काढायची ती शिवानाना न्हाव्याने. त्याच्या नराणीने, दाढीबरोबर. घरी बसून आपली आपण नखं काढणारा माणूस आम्ही बघितला नव्हता. दादा ओट्यावर बसायचा. आधी हातपाय कोमट पाण्यात भिजवायचा, पुसायचा, आणि मग टिक, टिक, टिक. हाताची नऊ नखं एकेका टिकेत. दहाव्याला दोन लागायच्या. लहानपणी त्याचा डावा अंगठा मोटेच्या चाकात चेंबला होता, तेव्हापासून ते नख मधोमध चिरूनच उगवायचं. मग सगळ्यांना खोबरेल तेलाचं एकेक बोट. गावाने त्या यंत्राचं नाव ठेवलं टिकटिक.

शिवानाना हत्यारांची धोपटी काखेत मारून तावातावाने आला. "दत्तू, दाढीचं यंतर बी आणलंस का? का ते फुडच्या खेपंला? एकदाच काय ते सांग, म्हंजे ही धोपटी हिरीत टाकतो!"

दादा नुसता हसला. नाना पाय आपटत गेला.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी नाना पुन्हा हजर. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "जरा ते दे की रं."

"नाना, तुमच्याजवळ नराणी हाय की!"

"हाय. डावा हात माजा मी काढतो. उजव्याचं काय? समद्या गावाची म्या काढतोय, माजी कोन काढतंय?"

दादाने टिकटिक दिली नाही. त्याने नानाचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला आणि पाचही नखं काढून दिली. वर तेलाचं बोट.

नाना हात उलटासुलटा करून बघत राहिला. म्हणाला, "औंदाच्या सुगीला बलुतं तूच माज्याकडनं घिऊन जा!"

*

माझी नखं खायची खोड. पलटणीत म्हणे दर आठवड्याला हातांची इन्स्पेक्शन असते. दादाने ती घरात चालू केली. रविवारी आंघोळ झाली की मला ओट्यापुढे उभा करायचा आणि हवालदारासारखा ओरडायचा, "हात पुढे! पंजे उलटे!"

माझ्या पंजांवर बघण्यासारखं काहीच नसायचं. मी सगळं खाल्लेलं असायचं.

मग दादाने औषध काढलं. रोज सकाळी कडुलिंबाचा पाला आणायचा, तळहातावर चोळायचा आणि त्याचा रस माझ्या दहाही नखांना लावायचा. करंगळीपासून सुरू करून अंगठ्यापर्यंत. प्रत्येक नखाला तेच वाक्य. "हात तोंडात घालू नगंस."

आठ दिवसांनी त्याने विचारलं, "मग? सुटली का खोड?"

मी खरं ते सांगितलं. "दादा, आता लिंबाबिगर नखं ग्वाडच लागत न्हाईत!"

दादा डोक्याला हात लावून खालीच बसला. "आये, ह्याला पलटणीत घेऊ नगा म्हनावं. ह्यो बंदुकीची दारूबी खाईल!"

तरी लीव्ह संपेपर्यंत एकही सकाळ त्याने चुकवली नाही.

आता सुतक आहे. दहा दिवस नखं कापायची नाहीत, हे भावकीतला प्रत्येक माणूस मला आठवणीने सांगून जातो. कापायला आहेत कुठं!

*

आमच्या तालमीचे वस्ताद कुस्तीआधी प्रत्येक पोराची नखं बघायचे. "नख लागलं की कुस्ती ऱ्हात न्हाई, मांजरांचं भांडाण हुतं," असं त्यांचं म्हणणं. आणि त्यांच्या स्वतःच्या करंगळीचं नख? चांगलं अर्धा इंच! तंबाखूला चुना काढायला ठेवलेलं.

शेवटच्या लीव्हमध्ये दादा त्यांना म्हणाला, "वस्ताद, पोरांच्या आधी तुमचं बघू."

"ह्याला हात लावायचा न्हाई. वीस वर्सांचं माप हाय माजं!"

दुपारी वस्ताद तालमीच्या लाल मातीत घोरत पडले होते. दादा गुडघ्यांवर रांगत गेला. टिक!

वस्ताद उठले, डोळे चोळत तंबाखू मळायला बसले. नख नाही, म्हणून चुना बोटानेच घेतला. माप चुकलं. तोंड असं भाजलं की जीभ आत मावेना! तीन दिवस नुसत्या पेजेवर आणि हातवाऱ्यांवर. तीन दिवस तालमीत एक शिवी ऐकू आली नाही. पोरं म्हणायची, देवळात आल्यासारखं वाटतंय.

चौथ्या दिवशी वस्तादांना वाचा फुटली. पहिला शब्द, "कुठं हाय त्यो दत्तू?"

दादा त्याच सकाळी साताऱ्याच्या मोटारीत बसून गेला होता.

परवा वस्ताद आम्हाला भेटायला आले. जाताना करंगळी माझ्यापुढे धरली. नख आखूडच होतं.

"वाढवलं न्हाई पुन्यांदा," ते म्हणाले. "आल्यावर दाखवून शिव्या घालायच्या हुत्या रं त्याला."

*

वहिनी सांगलीची. शहराकडची म्हणून आमच्या आळीच्या बायका तिच्याकडे जरा वाकडं बघायच्या. शेवटच्या लीव्हमध्ये दसऱ्याला तिने हातापायाच्या नखांना मेंदी लावली. आणि दादाने काय करावं? भर दुपारी, अंगणात, सगळी आळी बघत असताना, बायकोचा पाय पुढ्यात घेऊन तिची नखं कापायला बसला!

आई आतून ओरडली, "आरं दत्तू, लाज हाय का? बायकूच्या पायाला हात?"

दादा म्हणाला, "पलटणीत खेचरांचं खूर साफ करतो, तवा कोन लाज काढत न्हाई!"

वहिनीने पाय ओढून घेतला. "मी खेचर व्हय?"

लीव्हचे चारच दिवस राहिले होते. त्यातले दोन ती त्याच्याशी बोलली नाही. दोन दिवस! आता ती त्या दोन दिवसांबद्दलच बोलते, बाकी काही नाही.

दादा गेला आणि मेंदी नखाबरोबर वर सरकायला लागली. बुडाला पांढरं, वर लाल. वहिनी पांढऱ्यावर बोट ठेवून सांगायची, "एवढे दिवस झाले जाऊन." माघात ते लाल अर्ध्यावर आलं. तार आली तेव्हा शेंड्याशी होतं. बाकीची नखं तिने कापली, अंगठ्यांची ठेवली.

तार आल्यावर आळीतली एक म्हातारी आली आणि वहिनीचा हात धरून म्हणाली, "कुकू पुसता येतंय, बांगडी फोडता येती. ह्ये नखातलं लाल कसं काढायचं? खरडून तरी टाक बाई, बरं दिसत न्हाई."

वहिनी हलली नाही. आईच उठली. दादा आहे की नाही हेच आईला तेव्हा मान्य नव्हतं. तिने वहिनीचा हात म्हातारीच्या हातातून सोडवला.

"तिच्या नखाला हात लावायचा न्हाई. निघंल तवा निघंल."

*

लढाईवरून दादाच्या पत्रात एक प्रश्न ठरलेला. "गणपाची नखं कशी आहेत?"

एकदा मी कागदावर दोन्ही पंजे ठेवले, भोवतीने पेन्सिल फिरवली, जशी होती तशी नखं काढली आणि पाठवून दिली. महिन्याने तोच कागद परत आला. लाल पेन्सिलने दहा फुल्या आणि खाली शेरा, "फेल. पुन्हा परेड."

मला राग आला. मी दुसरा कागद घेतला, पंजे काढले आणि नखं मनानेच काढली. छान, गोल, वाढलेली. सरळ लबाडी! तोही कागद पाठवून दिला.

मग तार आली.

आणि तार आल्यावर आठ दिवसांनी तो कागद आला. वाटेत अडकलेला असणार. लाल पेन्सिलच्या दहा खुणा, सगळ्या बरोबरच्या. खाली लिहिलं होतं, "पास. शाबास गणपा."

आई तो कागद घेऊन अंगणात धावली. तारेचा कागद एका हातात, हा एका हातात. "बगा! बगा की! मेलेलं माणूस शाबास म्हंतंय व्हय?"

पोस्टमन समजावत होता, तारीख दाखवत होता. आईला वाचता येत नाही. तेव्हापासून ती दोन्ही वेळेला दादाचं ताट वाढून ठेवायला लागली. आणि मी? मी लबाडी करून पास झालो, हे सांगायला आता कुणीच उरलं नव्हतं.

*

आता काडेपेटी.

शेवटच्या दिवशी पहाटे दादाने नखं कापली. घरात नख पडलेलं आईला चालत नाही. घराला कलह लागतो, माणूस घरात टिकत नाही, असं ती म्हणते. म्हणून दादा सगळे तुकडे रिकाम्या काडेपेटीत भरायचा आणि मी ती बांधाला पुरून यायचो.

त्या दिवशी मी भांडणाच्या तयारीतच होतो. मलाही भरती व्हायचं होतं. दादा म्हणाला, "आयेजवळ एक तरी पायजे रं." आणि काडेपेटी पुढे केली. "जा, पुरून ये."

"तुजा नोकर न्हाई मी!" असं म्हणून मी ती पेटी वळचणीत फेकली आणि शेताकडे निघून गेलो. मोटारीपर्यंत पोचवायलाही गेलो नाही.

तार आली त्या दिवशी मला पहिली आठवली ती पेटी. माणूस घरात टिकत नाही! मी दीड महिना वळचणीखालून मान खाली घालून गेलो. सांगितलं तर आई म्हणणार, तूच खाल्लास त्याला.

भटजी म्हणाले, देह नाही तर दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यावा लागेल. आई दारात आडवी बसली. "गवताला आग लावून माजं लेकरू मारायला निघालाय व्हय?" शिवानाना समजावून थकला, वस्ताद थकले. वहिनी ना इकडची ना तिकडची, खांबाला टेकून उभी. दोन्ही वेळा ताट वाढलं जायचं आणि दोन्ही वेळा गाईला जायचं. मला ते बघवेना.

पाच दिवसांपूर्वी मी वळचणीत हात घातला. पेटी होती. एक कोपरा उंदरांनी कुरतडला होता. मी ती शिवानानादेखत आईपुढे ठेवली.

"आये, दादाची हाईत. म्या पुरली न्हाईत."

मी गाल पुढे करून उभा राहिलो. आईने मारलं नाही. तिने पेटी उघडून तुकडे तळहातावर घेतले आणि त्यातून चिरलेल्या अंगठ्याचे दोन तुकडे वेगळे काढले. ते एकमेकांना जोडून धरले. किती वेळ, कुणास ठाऊक.

मग मान वर न करता म्हणाली, "शिवानाना, भटजीस्नी बोलवा."

दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठी दर्भाचा पुतळा केला. त्याच्या हाताच्या जागी ती काडेपेटी ठेवली. अग्नी मी दिला. गवताला जळायला वेळ लागत नाही.

परत आलो तर दारात पाण्याची बादली आणि लिंबाचा डहाळा घेऊन आई उभी होती. प्रत्येकाने पाय धुवायचे, पाला चावायचा, कडू तोंडाने आत जायचं. वस्तादांनी चावला, नानाने चावला. मी हात पुढे केला.

आईने मला पाला दिला नाही. तिने तो आपल्या तळहातावर चोळला. माझा पंजा उलटा केला आणि करंगळीपासून सुरुवात केली.

"हात तोंडात घालू नगंस," ती म्हणाली.