खिडकीतून मोजलेली माणसं

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. मी नागभीडच्या एका आरागिरणीत हिशेबनीस होतो आणि स्वतःला शेठपेक्षा हुशार समजत होतो. त्या साली वह्या तपासायला नागपूरहून एक म्हातारे गृहस्थ आले. वही उघडण्याआधी ते खिडकीशी उभे राहिले आणि बोटांच्या पेरांवर आऱ्यावरची माणसं मोजत बसले. मला हसू आलं.

मग वह्या पाहून झाल्यावर टाक केसांना पुसत म्हणाले, "भाऊ, उधारी दुप्पट झाली. बुडणाऱ्या उधारीसाठी बाजूला काढायची तरतूद गेल्या सालचीच काऊन?"

"आपले गिऱ्हाईक इमानदार आहेत नं साहेब."

"यातले दोघं तर मेले म्हणतात. मेलेला इमानदार कुठून देईन?" मग आवाज उतरला. "नफा खोटा फुगला आहे. त्याच्या भरवशावर शेठ जंगलाच्या लिलावात बोली लावतीन. मी शेरा लिहीन, पण शेठ इंग्रजी वाचत नाई. तुमचं ऐकतात. तुम्ही सांगा त्याइले."

मी मान डोलावली. पण नफा मोठा दिसला तरच माझा पगार वाढणार होता. मी शेठला काही सांगितलं नाही. पाच रुपये वाढले, बायकोला लुगडं आलं. शेठनं मोठी बोली लावली. उधारी आलीच नाही आणि दोन वर्षांत आरा बंद पडला.

शेवटच्या दिवशी एकेक जण फाटकाबाहेर जात होता. खिडकीत उभ्या उभ्या माझा अंगठा आपोआप पेरांवर फिरू लागला. सव्वीस भरले.

मला मात्र चांद्याला नोकरी मिळाली होती. हिशेब चांगला जमतो म्हणून.