कधीच न भिजलेलं जाळं

वासुदेव सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. त्यांच्या सुनेनं एवढंच सांगितलं, "सकाळी चहा घेतला, जाळं मांडीवर घेतलं, आणि..." मी फोन ठेवला आणि पुन्हा निवडायला बसले, पण खडे दिसेनात. दीड महिना झाला, अजून एका जागी बसवत नाही. उठते, खिडकीशी जाते, परत येते. दुःख आहेच, पण दुःखानं माणूस गप्प बसतो. मला बसू देत नाही ते वेगळंच आहे.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता, सगळा चांदाच, म्हणजे आताचा चंद्रपूर. कुरखेड्याकडच्या आमच्या गावाजवळ नुकतंच हायस्कूल निघालं होतं आणि नागपूरहून तत्त्वज्ञान शिकून आलेले सर तिथं भूगोल शिकवायचे. आम्ही ढिवर, तलावातल्या मासोळीवर जगणारी माणसं. आमच्या मोहल्ल्यातून नववीत पोचलेली मी एकटीच मुलगी, त्यामुळं मिजास भारी. शनिवारचा शेवटचा तास सरांनी हेडमास्तरांकडून मागून घेतला होता. "तत्त्वज्ञान पुस्तकात ठेवलं की त्याला वाळवी लागते," असं म्हणायचे. त्या तासाला एखादा प्रश्न निघायचा, आम्ही तावातावानं भांडायचो, आणि जे ठरेल ते आठ दिवस जगून बघायचं. एका आठवड्यात राग गिळायचा होता, तो मी मंगळवारीच ओकला. आषाढातल्या एका शनिवारी ठरलं, आठ दिवस खोटं बोलायचं नाही.

आषाढात मासोळी अंड्यावर असते. तेव्हा तलावात कुणी जाळं टाकत नसे. आजाऱ्यासाठी टाकलं तर पंच माफ करत, पण तसं त्यांना सांगावं लागे. त्याच आठवड्यात बाबानं जाळं टाकलं आणि कुणीतरी बघितलं. पंच बसले. आमच्याकडची रीत अशी की ज्याच्यावर ठपका त्यानं बोलायचं नाही, घरच्या एकानं त्याच्यासाठी बोलायचं. आई पुढं होत होती, तिला मागं सारून मीच उभी राहिले.

"तुह्या बापानं जाळं टाकलं का?"

"टाकलं."

"अजून काई सांगाचं हाय का, बाई?"

"नाई."

बाबा माझ्याकडं बघत राहिला. त्याचं जाळं दिवाळीपर्यंत पंचांच्या घरी टांगलं गेलं. आई-बाबा दुसऱ्यांच्या बांधीत भाताच्या रोवण्याला जाऊ लागले, आणि त्यांच्यामागं मीही. शाळा सुटली.

एका रविवारी सर चिखल तुडवत घरी आले. "चूक माझी आहे, भाऊ. खरं बोलायला मीच तिला लावलं," म्हणाले. बाबानं त्यांना खाट टाकून दिली. "पोरगी खोटी नाई बोलली, मास्तर. पन तुमी पोराईले शिकवता, तं कोनाच्या घरी काय चालू हाय, हे आंधी इचारत जा." सरांचा चेहरा उतरला. मग त्यांनी हट्टच धरला, "मला जाळं विणायला शिकवा." दर रविवारी यायचे, बोटं सोलवटून घ्यायचे. वाकडंतिकडं एक जाळं तयार झालं, ते त्यांनी बाबापुढं ठेवलं. बाबानं हात लावला नाही. "शिक्षा जाळ्याले नाई झाली, मास्तर, मले झाली." सरांनी तिथंच बसून ते उसवलं आणि पुढच्या रविवारी पुन्हा विणायला घेतलं. मासोळी तोंडात न घालणारा हा माणूस जन्मभर तेच विणत आणि उसवत राहिला.

दिवाळीनंतर त्यांनीच मला शाळेत परत नेलं. तेव्हापासून शनिवारच्या तासाला आधी प्रत्येकानं घरचं सांगायचं, प्रश्न नंतर. कुणाची म्हैस गाभण असे, कुणाचा बाप अहेरीच्या जंगलात लाकडं तोडायला गेलेला. माझी पाळी आली की मी म्हणायची, "सगळं ठीक आहे, सर."

मागच्या उन्हाळ्यात त्यांना भेटले, ते इतकी वर्षं लपवलेलं सांगून टाकायचं ठरवूनच. सर विणत होते. मध्येच थांबून म्हणाले, "तुला खरं बोलायला लावलं ते बरोबर होतं का गं? माझं अजून ठरत नाही..." नव्वदीच्या माणसाला आता कशाला त्रास, अशी मी स्वतःची समजूत घातली, चहा संपवला आणि उठले. पळपुटेपणा, दुसरं काय.

सरांचं जाळं त्यांच्या सुनेनं मला दिलं. ओळ अर्धी विणलेली आहे, बांबूची सुई तशीच अडकलेली. खुंटीला टांगलंय, येता-जाता दिसतं. त्या आषाढात मी तापातून नुकती उठले होते. शाळेत जाऊ लागले होते, पण अन्न जात नव्हतं. मासोळीच पाहिजे म्हणून मी रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा बाबा तलावावर गेला. मी काटे चोखून खाल्लं. पंचांनी दुसऱ्यांदा विचारलं ते जाळं आजाऱ्यासाठी टाकलं, एवढंच ऐकायला. पण सगळे माझ्याकडं खरं बोलणारी म्हणून बघत होते, आणि त्या खऱ्यात मला माझं नाव नको होतं. बाबानं मरेपर्यंत हा विषय काढला नाही, आणि सर दुसऱ्याच चुकीचं जाळं विणत बसले.

आज शनिवार आहे, सर. आधी घरचं सांगते. ती मासोळी माझ्यासाठी होती.