रॉकेलच्या डब्यातली रताळी

चार बायका एका चुलीभोवती बसल्या की राखेपेक्षा किस्सेच जास्त साठतात. राख निदान भांडी घासायला तरी जाते. मुळशीच्या आमच्या घरातले किस्से मात्र जिथल्या तिथे! त्यातले निम्मे माझ्या सासऱ्यांचे, तात्यांचे.

त्या वर्षी चावडीवर धरणाशिवाय विषय नव्हता आणि आमच्या घरात तात्यांच्या पोटाशिवाय. पोटातल्या जळजळीनं ते वाळत चालले होते. सासूबाई धास्तावल्या. पौडचे वैद्य म्हणाले, "तळलेलं बंद. भाजलेली रताळी द्या."

तात्यांचा सगळा जीव तळलेल्या कापांवर! म्हणाले, "वैद्यबुवा, औषध द्यायला आलाय का सूड घ्यायला?"

*

माझ्या धाकट्या दिरानं पुण्यात बेकरी पाहिली होती. पाहिली म्हणजे बाहेरून! तेवढ्या जोरावर त्यानं रॉकेलचा रिकामा डबा कापून भट्टी केली. डबा चुलीवर, झाकणावर निखारे. थोरल्या जाऊबाईंनी आणि मी उकडलेली रताळी कुस्करली, शेंगदाण्याचं कूट, जिरं, मीठ घालून वड्या थापल्या आणि आत ठेवल्या.

वड्या दिसायला झकास. डबा धुण्यात मात्र कसूर राहिली होती. तात्यांनी एक घास खाल्ला आणि ते म्हणाले, "आज कंदील लावू नका. मी ढेकर देतो, घरभर उजेड पडंल!"

*

डबा चिंच आणि राखेनं घासला. पुढच्या खेपेला निखारे जास्त झाले. तात्यांनी वडी ताटात आपटून आवाज ऐकला आणि सासूबाईंकडे सरकवली. "ठिवून दे. खुंटी ठोकाया हुईल."

जाऊबाई पोट धरून हसल्या. मला रडूच आलं. नवी होते ना!

*

पुढे आमचा हात बसला, वड्या खमंग होऊ लागल्या. पण तात्या शिवतील तर शपथ! टाकून द्यायला सासूबाईंचा जीव होईना. मग जाऊबाई रोज दुपारी टोपलंभर वड्या माळावरच्या भिवा धनगराच्या शेळ्यांना देऊन येत. तात्या जेवणावर रुसून संध्याकाळी फिरायला निघून जात.

महिन्याभरानं वैद्य आले. नाडी पाहून खूश! "जळजळ गेली, अंगही भरलं. रताळी मानवली."

"रताळी टाळली म्हणून बरा हाय मी!" तात्या म्हणाले.

सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

*

एकदा जाऊबाई माहेरी गेल्या आणि टोपलं न्यायचं काम माझ्याकडे आलं. निघायला संध्याकाळ झाली. पाहते तर शेळ्यांच्या वाड्यात तात्या मांडी घालून बसलेले, दोन्ही हातांत कालच्या टोपल्यातल्या वड्या!

"सूनबाई, ये, चव बघ! ह्या गंगूकडनं शिक जरा, भाजणं कशाला म्हणत्यात!"

गंगू, भिवाची बायको, बघतच राहिली. "आमी कुटं भाजलं, तात्या? तुमच्याच घरनं रोज टोपलं येतं. शेरडांसाठी!"

तात्यांचा घास थांबला. त्यांनी माझ्या हातातल्या टोपल्याकडे पाहिलं. मग शेजारच्या शेळीकडे. शेळी केव्हाची त्यांच्याकडेच बघत होती.

टोपलं माझ्या हातून काढून घेत ते म्हणाले, "तरीच म्हणतोय, ही शेळी का वाळत चाललीया!"