कोपरा नंबर सात

आता तुमच्यापासून काय लपवू? इंजिनिअर म्हणून माझी अब्रू गेली ती एका विहिरीत, अन् तीही अख्ख्या गावादेखत.

दुष्काळाचं वर्ष. मुरूम गावाजवळच्या एका सहकारी पाणीसंस्थेत मी नवाच लागलेलो. पाणी खाली गेलं की पंपाची मोटर खाली घ्यायची, तिला बसायला विहिरीच्या भिंतीत नवं ब्रॅकेट ठोकायचं. हे काम शिवप्पामामांचं. मामा वेल्डर, माझ्या वडलांच्या वयाचे. घरात कन्नड, आमच्याशी मराठी.

मी पडलो पुण्यात शिकलेला. एवढंसं ब्रॅकेट, पण ते मी कॉलेजातल्या मित्राकडून कॉम्प्युटरवर तपासून घेतलं! कागदावर ब्रॅकेटचे बारीक तुकडे पाडायचे, प्रत्येक कोपऱ्याला नंबर द्यायचा आणि कळवायचं, की एक-दोन नंबरला बोल्ट, टोकाच्या सात नंबरला मोटरचं वजन. ब्रॅकेट झकास टिकलं. मग काय, मी हवेत.

महिन्याभरात पाणी आणखी उतरलं. तिथं भिंत आत गेलेली, म्हणून ब्रॅकेट लांब हवं होतं. मी नवा आकार कळवला, बाकी माहिती जुनीच ठेवली. उत्तर आलं, लोखंडावर ताण अगदी किरकोळ.

"मामा, पट्टी निम्म्या जाडीची घ्या."

"लांब झालं तर जाड पायजे की. तुमी पातळ म्हणताव?"

"कॉम्प्युटर चुकत नसतो, मामा."

मामांनी पातळ पट्टी घेतली. ब्रॅकेट बसलं. साखळीनं मोटर त्यावर टेकवली, साखळी जरा सैल सोडली, आणि माझ्या डोळ्यांदेखत ब्रॅकेट ओल्या पापडासारखं वाकलं. गावाची एकुलती एक मोटर साखळीला लोंबकळत राहिली.

काठावर बसून कागद उघडला. लांब आकाराचे तुकडे जास्त, त्यामुळं नंबर सरकलेले. सात नंबर आता टोकाला नव्हताच. तो भिंतीतल्या बोल्टाशेजारी.

मामांनी बोट ठेवलं. "म्हंजे वजन हितं? भितीलाच टेकवलं व्हय?"

"हो."

"मंग ताण कशाला येतोय, साहेब."

मी विचारलं, "मामा, तुम्ही साखळी का नाही काढली?"

"तुमी लई खुशीत दिसत होताव," मामा म्हणाले, "म्हणून ठिवली."